मल्ड वाइनची ४९९ रुपयांची पोटली: लालबागच्या मसालेवाल्याचा अभिप्राय

डबा सुंदर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे फारसं चांगलं बोलायची वेळ येणार नाही. गडद लाल पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं, आत मलमलच्या दोन पोटल्या, वाळवलेल्या संत्र्याच्या चार चकत्या आणि एक कार्ड. एका पोटलीतल्या मसाल्यात वाइनची एक बाटली 'मल्ड' होते, म्हणजे मसाला घालून गरम करून प्यायला तयार होते, असा दावा. डिसेंबर लागला की असले डबे ऑनलाइन दिसायला लागतात, वांद्र्याच्या हिल रोडला चांदण्या आणि सांताच्या टोप्यांशेजारीही मांडलेले असतात. मी घेतलेला ४९९ रुपयांचा. नाव लिहीत नाही. एक तर असला माल आता बरेच जण विकतात आणि त्यांतल्या अर्ध्यांचा पुरवठादार एकच असावा असा माझा संशय आहे. दुसरं म्हणजे, मसाल्याच्या धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याच्या मालाला नाव घेऊन नावं ठेवणं आमच्याकडे बरं दिसत नाही.

आमचं दुकान लालबागला, वडिलांच्या वेळचं. एप्रिल-मे मध्ये मिरची निवडायला, मसाला कुटायला गर्दी असते, डंकांच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. डिसेंबरात मात्र दुपारी पेपर वाचायला वेळ मिळतो. त्यात बहिणीचा मुलगा जर्मनीत स्टुटगार्टला नोकरीला. (स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचं जुळं शहर आहे, हे त्याने तिथे गेल्यावर आम्हाला सांगितलं, इथे कुणालाच ठाऊक नव्हतं.) तो नाताळच्या सुट्टीत बायकोला घेऊन आला आणि दोघांचं एकच पालुपद: मामा, आपल्याकडे ग्लूवाइन, म्हणजे तिकडची मल्ड वाइन, का नाही मिळत? तिकडे म्हणे नोव्हेंबरच्या शेवटापासून चौकाचौकात नाताळचा बाजार लागतो, मगची अनामत ठेवायची, गरम वाइन प्यायची, मग परत केला की पैसे परत. ड्रेस्डेनचा बाजार तर १४३४ पासूनचा. म्हटलं, मसाला आमच्याकडे, द्राक्षं नाशिकला, अडलंय कुठे? पण सूनबाईला तो लाल डबा आवडला होता. म्हणून डबा.

तो उघडला दुकानात, गल्ल्यावर पेपर पसरून. पोटलीच्या तोंडाला दोरा नव्हता, स्टेपलची पिन होती. गरम, आंबट द्रवात अर्धा तास बुडवायच्या वस्तूला लोखंडी पिन! इथेच माझं मत निम्मं झालं.

लवंग पाहिली. चांगली लवंग नखाने दाबली की नखाला तेल लागतं. इथे नख कोरडं. मग वाटीत पाणी घेऊन त्यात चिमूटभर सोडल्या. तेल असलेली लवंग बुडते, नाहीतर टोपी वर करून उभी राहते. तेल काढून घेतलेली आडवी तरंगते. निम्म्याहून जास्त आडव्या झाल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींच्या टोप्याही उडालेल्या, नुसत्या दांड्या. असा माल आमच्याकडे आला तर वडील पोतं न उघडता परत पाठवायचे. म्हणजे, पाठवायचे ते उघडूनच, पण व्यापाऱ्याला सांगायचे की उघडलंसुद्धा नाही.

दालचिनी जाड, एकपदरी, बोटांनी मोडता न येणारी. ही वाईट नसते, गैरसमज नको. चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येते, बाजारात हीच जास्त खपते आणि गरम मसाल्यात तिच्यासारखं काम दुसरी करत नाही, कारण तिचा स्वाद दांडगा आणि जरा तिखट. वाइनमध्ये मात्र सिलोनची लागते: कागदाइतकी पातळ, पदरात पदर गुंडाळलेली सुरळी, बोटांत चुरडली तर चुरा होतो आणि वास गोडसर येतो. ती महाग आहे, पण लांबून आणायची गरज नाही. कोकणात होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची तिची जात काढलेली आहे. डब्यावर चित्र होतं सुरळीचं, आत निघाली जाड साल. चित्रात जायफळही होतं. आत जायफळ नव्हतंच.

बाद्यान मात्र उत्तम. आठही पाकळ्या शाबूत, तांबूस, पाकळीत चकचकीत बी. जे चांगलं ते चांगलं. वजनही बरोबर होतं; डब्यावर ४० ग्रॅम लिहिलं होतं, आमच्या काट्यावर ४० भरले. पण हेच ४० ग्रॅम आमच्या दुकानात, त्याहून बऱ्या प्रतीचे, शंभराची नोट मोडून वर सुटे पैसे घेऊन मिळतील. बाकीचे चारशे पुठ्ठ्याचे आणि सोनेरी अक्षरांचे. भेटवस्तू म्हणून कुणाला द्यायचा असेल तर त्यातही काही वावगं नाही, दिवाळीत आपण सुक्या मेव्याच्या डब्याचे पैसे देतोच की.

वाळवलेल्या चकत्यांचं मला कळलंच नाही. डिसेंबरात मुंबईत हातगाड्यांवर नागपुरी संत्री असतात, साल इतकी सैल की नखाने एका झटक्यात निघते. अशा दिवसांत वाळवलेलं संत्रं विकत घ्यायचं? बरं, चकती आडवी कापलेली, म्हणजे सालीखालचा पांढरा भाग सगळा आत. तोच कडू असतो.

आता कार्ड. कार्डावर इंग्रजीत लिहिलेल्या कृतीचा मथितार्थ असा: बाटली पातेल्यात ओता, एक कप पाणी घाला, अर्धा कप साखर घाला, पोटली सोडा, उकळी आणा आणि मंद आचेवर वीस मिनिटं उकळत ठेवा. भाचा हे वाचून हसायला लागला. युरोपियन युनियनच्या नियमात ग्लूवाइन म्हणून विकायच्या पेयात अल्कोहोल किमान ७ टक्के लागतं, स्वाद मुख्यतः दालचिनीचा किंवा लवंगेचा हवा, आणि साखर विरघळवण्यापुरतं सोडलं तर पाणी घालायला मनाई आहे. इथे सुरुवातच एक कप पाण्याने. आणि उकळी? अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. पातेलं खदखदायला लागलं की ज्याचे पैसे वाइन शॉपात मोजले ते आधी वाफेवर निघून जातं, मागे आंबटपणा आणि रंग उरतो. चहा सात वेळा उकळणाऱ्या आपल्या हाताला गॅस बारीक ठेवणं जड जातं, हे खरं. पण निदान कार्डाने तरी ते सांगायला हवं होतं.

तरीही परीक्षण करायचं म्हणून पहिली पोटली कार्डाबरहुकूम केली, फक्त पिन काढून दोऱ्याने बांधली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी. कालनिर्णय बघून बायकोने आधी खात्री करून घेतली की मार्गशीर्षातला गुरुवार नाही, नाहीतर सगळा बेत पुढे ढकलला गेला असता. पंधरा मिनिटांनी मेहुणा दारातून आत आला आणि चपला काढता काढता विचारता झाला, "बिर्याणी चढवलीय का?" त्याचा दोष नाही. जाड दालचिनी आणि बाद्यान एकत्र उकळले की दुसरा वास येणारच कसा? चव घेतली तर पहिल्या घोटाला नुसती साखर, मग घशाशी सालीचा कडवटपणा. लवंग कुठेच नाही. रंगसुद्धा लाल राहिला नव्हता. मेहुण्याने ग्लास संपवला, पण तो काहीही संपवतो.

याच घरात, त्याच संध्याकाळी, त्याच वाइनची, नाशिकच्या लाल शिराझची, दुसरी बाटली आमच्या मसाल्याने केली. तीही सांगतो, कारण डब्याला पर्याय काय हे सांगितल्याशिवाय नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मसाल्याला उकळी लागते, वाइनला ती चालत नाही. सगळी गोम इथे आहे आणि डबेवाले नेमकं हेच एका पातेल्यात कोंबतात. म्हणून दोन टप्पे करायचे. आधी एका संत्र्याचा रस, बाटलीतली जेमतेम कपभर वाइन आणि चार मोठे चमचे साखर एकत्र करून त्यात सहा लवंगा, सिलोन दालचिनीचे बोटभर लांबीचे दोन तुकडे, एक बाद्यान आणि संत्र्याच्या सालीच्या दोन-तीन पट्ट्या टाकायच्या. पट्ट्या आतला पांढरा भाग सुरीने खरवडून घ्यायच्या. हे मिश्रण खुशाल उकळू द्या, पाक जरा चिकट होईपर्यंत. मसाल्याचा सगळा अर्क या पाकात उतरतो, आणि अल्कोहोल गेलंच तर कपभराचं जातं. मग गॅस अगदी बारीक करून उरलेली बाटली ओतायची. वाफ दिसायला लागली, कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले की बंद. वरून जायफळ, किसणीवर दोनदाच घासून. लवंगेचा मोह आवरा. सहाच्या दहा केल्यात तर जीभ बधिर होते आणि पुढे कोणतीही वाइन सारखीच लागते.

पातेलं स्टीलचं घ्या. अ‍ॅल्युमिनियम नको, आणि आजीचं पितळेचं काढायची हौस असेल तर कल्हई शाबूत आहे का ते आधी बघा. वाइन आंबट असते, धातू खाते.

वाइन कोणती, हा प्रश्न मला दुकानात हमखास विचारतात, जणू मी वाइनवालाही आहे. माझं उत्तर: ओकच्या पिंपात मुरवलेली, रिझर्व्ह वगैरे लिहिलेली महागडी अजिबात नको. ती नुसती प्यावी. पिंपाचा तुरटपणा गरम केल्यावर पुढे येतो आणि मसाल्याशी भांडतो. नाशिककडची साधी, फळांच्या चवीची शिराझ किंवा झिनफँडेल घ्यावी. अकलूजकडे सांजोवेजे होते, तीही चांगली लागते, जरा जास्त आंबट असते म्हणून साखर अर्धा चमचा वाढवावी. आपल्याकडे द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे युरोपात लोक गरम वाइनचे मग धुऊन ठेवतात तेव्हा नाशिकला नवा माल आत येत असतो. गोड पोर्ट घेऊ नका. तिच्यात साखर आधीच असते, वर पाक घातला की औषधाची बाटली प्यायल्यासारखं वाटेल.

आमच्या बाटलीचं काय झालं? संपली. सूनबाईने पहिला घोट घेऊन "मामा, तिथल्यापेक्षा बरी आहे" असं म्हटलं. सासरच्या मंडळींपुढे सुना असंच बोलतात, त्यामुळे ते मी गुण देताना धरलेलं नाही. पण तिने तिसऱ्यांदा कप पुढे केला ते धरलंय.

खरं परीक्षण केलं ते शेजारच्या आंटींनी. आंटींचं माहेर माझगावच्या माथारपाखाडीतलं, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातलं. त्या काळ्या मनुकांची वाइन घरी घालतात आणि नाताळला कुलकुल्स (तळलेला गोड फराळ), मार्झिपानचं ताट आमच्याकडे न चुकता येतं. त्यांनी कप नाकाशी धरला, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "हे तर आमचं खिमाड, जरा श्रीमंतांचं." खिमाड म्हणजे त्यांच्याकडचं बारशाच्या वेळचं गरम पेय. गावठी दारू, गरम पाणी, साखर, दालचिनी-लवंगेसारखा मसाला. माझ्या भाच्याला मुंबईत जे मिळत नव्हतं त्याची जवळची नातलग माझगावात पिढ्यान् पिढ्या उकळत होती, आणि आम्ही लालबागला, हाकेच्या अंतरावर, त्या पातेल्यांना लवंग-दालचिनी विकत होतो. आंटींना डब्याच्या पोटलीतली वाइनही दिली. त्यांनी कप खाली ठेवला आणि कुलकुल्स कसे झालेत ते विचारलं. खिमाड कसं करायचं हे त्या पुढल्या नाताळला दाखवणार आहेत. आत्ताच का नाही, तर त्यांच्या मते माझ्याकडे योग्य पातेलं नाही.

इतकं झाल्यावर भाच्याचा हट्ट म्हणून वांद्र्याला एका कॅफेत जाऊन तयार ग्लासही पिऊन पाहिला. ६५० रुपये, कर वेगळा. काचेच्या उंच कपात, वर दालचिनीची काडी उभी, ताजी संत्र्याची चकती, फोटोला फार छान. पण वाइन कोमट होती, आणि काउंटरमागून मायक्रोवेव्हची टिंग ऐकू आली तेव्हा कारण कळलं. मसाला पाकात नव्हताच, नुसता वरून टाकलेला, त्यामुळे काडी चोखली तर दालचिनी आणि ग्लासात नुसती गोड वाइन. त्या ग्लासपुढे आमच्या डब्यातली पोटली बरी म्हणायची. निदान तिच्यात मसाला वाइनशी बोलला तरी होता, भले भांडला असेल. वेटर पोरगा मात्र गोड होता. गरम करून देऊ का, असं त्याने दोनदा विचारलं.

मुंबईत गरम वाइन प्यायची म्हणजे हवेचं बघावं लागतं, हा आक्षेप मला मान्य आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेतला नीचांक ७.४ अंशांचा, तोही १९६२ च्या जानेवारीतला. एरवी डिसेंबरात दुपारी तिशी ओलांडलेली असते आणि पहाटे अठरा झालं की आपण कानटोपी काढतो. त्यामुळे चार वाजता गच्चीवर वगैरे नको. रात्री दहानंतर, खिडक्या उघड्या, पंखा बंद, आणि कप लहान. स्वीडनमध्ये म्हणे ग्लोग, म्हणजे तिकडची गरम मसाल्याची वाइन, लहानशा कपातच देतात, आत बदाम-मनुका टाकून. आपल्याकडे ही पद्धत जास्त शहाणपणाची आहे, मोठा मग संपेपर्यंत घाम फुटतो. आम्ही चहाचे कटिंगचे ग्लास वापरले. बरोबर चखणा म्हणून शेव-शेंगदाणे काढले होते, ते साफ चुकलं असं सगळ्यांचं मत पडलं. खारट चव गरम गोड वाइनशी जमली नाही. आंटींचे कुलकुल्स आणि उरलेले शंकरपाळे मात्र झकास जमले.

राहता राहिली डबेवाल्यांची सेवा. डबा वेळेवर आला, चेपला नव्हता. पिनेबद्दल आणि जायफळाबद्दल मेसेज केला तर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यात तीन हृदयं, एक नाताळचं झाड आणि पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट. जायफळाचा उल्लेख नाही. पिनेबद्दल 'तुमचा अभिप्राय आमच्या टीमपर्यंत पोहोचवला आहे.' मग मीही जरा धंदेवाईक होऊन लिहिलं की बाबांनो, सिलोन दालचिनी अन् तेलाची लवंग हवी असेल तर लालबागला या, दर बघून देऊ. त्यावर अजून तरी उत्तर नाही.

गुण द्यायचेच तर डब्याला पाचपैकी चार, बाद्यानाला पाच, आतल्या बाकीच्या मालाला दीड आणि कार्डाला शून्य. ज्यांच्या घरी मसाल्याचा डबा नाही, किंवा ज्यांना ऑफिसात सीक्रेट सांताला पाचशेच्या आत काहीतरी दिसायला बरं द्यायचंय, त्यांनी घ्यावा, फक्त सोबत चिठ्ठी लिहून द्यावी की पाणी घालू नका आणि उकळू नका. बाकीच्यांनी बरणीत हात घालावा.

दुसरी पोटली पडून होती. रविवारी बायकोने ती सोडली, संत्र्याच्या चकत्या बाजूला काढल्या आणि बाकीचं मटणात टाकलं. छान झालं. लवंगा तेवढ्या आमच्या आणखी चार टाकाव्या लागल्या.